इष्टिकाचिती आणि भास्कराचार्य

विटेच्या, आगपेटीच्या किंवा प्रवासी ट्रंकेच्या आकारास, म्हणजे सहा आयतांनी वेढलेल्या आकृतीस, हिंदी माध्यमाच्या शाळांत घनाभ म्हणतात आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत क्यूबॉइड. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या कानांवर बहुधा हे दोनच शब्द पडतात. महाराष्ट्रातील क्रमिक पुस्तकांत मात्र याच आकृतीचे नाव ‘इष्टिकाचिती’ असे आहे. इष्टिका म्हणजे वीट आणि चिती म्हणजे रचून केलेला ढीग. प्रथमदर्शनी हा शब्द बोजड वाटतो, आणि एखाद्या परिभाषा समितीने कोश उघडून तो घडविला असावा असाही आपला ग्रह होतो. वस्तुतः पावणेनऊशे वर्षांपूर्वी लिहिल्या गेलेल्या एका ग्रंथात तो जवळजवळ याच रूपात आलेला आहे. आणि तेथे तो आकृतीच्या वर्णनात नव्हे, तर कामगारांना द्यावयाच्या मोलाच्या संदर्भात आलेला आहे. तो ग्रंथ म्हणजे ‘लीलावती’ आणि ग्रंथकार भास्कराचार्य.

भास्कराचार्यांचे नाव ठाऊक नाही असा मराठी मनुष्य विरळा. परंतु त्यांच्याविषयी आपणांस काय ठाऊक असते? लीलावती नावाची कन्या, घटिकापात्रात पडलेला मोती, टळलेला मुहूर्त आणि कन्येच्या सांत्वनासाठी रचलेला ग्रंथ. ही कथा करुणरम्य आहे खरी, पण ती आचार्यांच्या कोणत्याही ग्रंथात नाही. अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रास्ताविकात ती आढळते. म्हणजे मूळ ग्रंथानंतर सव्वाचारशे वर्षांनी. ग्रंथात आचार्य कधी बालेला, कधी सख्याला, कधी वत्साला उद्देशून उदाहरणे घालतात. लीलावती ही कन्या की पत्नी की केवळ ग्रंथाचे लाडके नाव, यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. माझ्या मते या मोत्याने आपले लक्ष भलतीकडे वेधले, आणि त्या ग्रंथात खड्डे खणणारे, विटा रचणारे, लाकूड कापणारे व धान्य मापणारे जे लोक दाटीने उभे आहेत ते आपल्याला दिसेनासे झाले.

आचार्यांनी आपल्याविषयी फारच थोडे लिहिले, पण जे लिहिले ते नेमके आहे. शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये त्यांचा जन्म झाला आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला, असे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड हे त्यांचे गाव, शांडिल्य हे गोत्र, आणि महेश्वर हे त्यांचे पिता व गुरू. विज्जडविड म्हणजे चाळीसगावजवळचे पाटण, की विजापूर, की बीड, याविषयी मतभेद आहेत. पाटणच्या बाजूने एक भक्कम शिळा साक्षीस उभी आहे. तिच्याकडे आपण शेवटी येऊच.

सिद्धान्तशिरोमणीचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिल्या भागात अंकगणित व मोजणी, दुसऱ्यात अव्यक्ताचे गणित, तिसऱ्यात ग्रहांच्या गती आणि चौथ्यात पृथ्वी व खगोल. ज्याला आकाशातील ग्रहणे वर्तवावयाची आहेत त्याने आरंभ विटांच्या ढिगापासून करावा, ही योजना आज आपल्याला विलक्षण वाटेल. पण ती परंपरा जुनीच होती. मिश्रक, श्रेढी, क्षेत्र, खात, चिती, क्रकच, राशी आणि छाया हे आठ व्यवहार ब्रह्मगुप्ताच्या काळापासून, म्हणजे सातव्या शतकापासून, गणिताच्या पोथीत ठरलेले होते. आचार्यांनी परंपरा मोडली नाही. तिच्यातील प्रत्येक खण मात्र झाडून-पुसून लख्ख केला.

लीलावतीचा आरंभ मापांच्या परिभाषेने होतो. आठ यव आडवे ठेवले की एक अंगुळ, चोवीस अंगुळांचा एक हात, चार हातांचा दंड, दोन हजार दंडांचा कोस. हात म्हणजे स्थूलमानाने आपला दीड फूट. यानंतर आचार्य एका पेटीची व्याख्या देतात: लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी एक हात असलेली, बारा कडांची. हा घनहस्त. धान्याच्या मापनात याच पेटीत मावेल तेवढ्या धान्याला मगध देशाची खारी म्हणावे, तिचा सोळावा भाग द्रोण, द्रोणाचा चौथा आढक, आढकाचा चौथा प्रस्थ आणि प्रस्थाचा चौथा कुडव. हिशेब केला तर एका खारीत १,०२४ कुडव होतात. खड्ड्याची खोली मोजणारा हात आणि धान्य मापणारे पात्र यांची अशी एकाच पेटीत गाठ घालून दिली, की वखारीची लांबी-रुंदी-उंची मोजावी आणि आत किती खारी धान्य राहील ते न मापता सांगावे. पायली, मण आणि खंडी गावागणिक बदलत असलेल्या प्रदेशात अशी एक स्थिर पेटी हाताशी असणे किती मोलाचे, हे ज्यांनी जुने बाजार पाहिले आहेत त्यांना सांगावयास नको.

आता खातव्यवहार. खात म्हणजे खणलेला खड्डा. लांबी, रुंदी आणि खोली यांचा गुणाकार केला की घनफळ, एवढे तर शाळकरी मुलालाही येते. पण खरा खड्डा कधी सरळ असतो काय? म्हणून आचार्य सांगतात की लांबी, रुंदी आणि खोली अनेक ठिकाणी मोजावी, बेरीज करून जितक्या ठिकाणी मोजले तितक्याने भागावे, आणि त्या मध्यम मापांचा गुणाकार करावा. त्यांच्या उदाहरणातील खड्डा वाकडा आहे. लांबी तीन ठिकाणी १०, ११ व १२ हात. रुंदी ६, ५ व ७ हात. खोली २, ४ व ३ हात. मध्यम मापे अनुक्रमे ११, ६ आणि ३. घनफळ १९८ घनहस्त.

मी बी. ए. झालेला मनुष्य, गणित हा माझा विषय नव्हे. पण नोकरीचा बराच काळ सरकारी बांधकामांची बिले तपासण्यात गेल्यामुळे मातीकामाच्या मोजमाप-वह्या मी शेकड्यांनी पाहिल्या आहेत. रस्त्याच्या भरावासाठी कडेला जे खड्डे खणतात, त्यांत मूळ जमिनीच्या उंचीचे मातीचे खुंट मधूनमधून न खणता राखून ठेवावे लागतात. खोदकाम संपले की प्रत्येक खुंटापाशी खोली मोजून सरासरी काढावयाची आणि मगच खुंट पाडावयाचे. वहीतील तो सरासरीचा रकाना म्हणजे खातव्यवहारातील हाच नियम होय. खोली एकाच ठिकाणी, तीही उथळ कडेला मोजली, तर खणणाऱ्याचे दिवसच्या दिवस बुडतात. खोल जागी मोजली, तर सरकारी तिजोरी बुडते. अशी एक तक्रार माझ्यासमोर आली होती. टोळीच्या मुकादमाला लिहिता-वाचता येत नव्हते, पण आपला खड्डा तीन ठिकाणी मोजावा एवढे तो ठासून सांगत होता, आणि फेरमोजणीत तोच खरा ठरला.

सरासरीने नेहमीच भागते असे मात्र नाही, आणि येथेच आचार्यांची बुद्धी झळकते. वरचे तोंड मोठे व तळ लहान असा उतरत्या भिंतींचा खड्डा घ्या. त्यांच्या उदाहरणात तोंड १२ हात लांब व १० हात रुंद, तळ त्याच्या निम्मा म्हणजे ६ हात लांब व ५ हात रुंद, आणि खोली ७ हात आहे. सरासरीने जावे तर लांबी ९, रुंदी साडेसात, खोली ७. घनफळ ४७२॥ घनहस्त. आचार्य अशा खड्ड्यासाठी निराळी रीत देतात. तोंडाचे क्षेत्रफळ १२०. तळाचे ३०. दोहोंच्या लांब्यांची बेरीज १८ आणि रुंद्यांची बेरीज १५, त्यांचा गुणाकार २७०. तिन्हींची बेरीज ४२०. सहाने भागले असता ७०. खोलीने गुणले असता ४९०. हेच खरे उत्तर. सरासरीच्या उत्तरात साडेसतरा घनहस्त माती गिळली गेली होती. आजही विहिरीच्या, तळ्याच्या वा कालव्याच्या खोदाईत हाच सूत्रविचार वेगळ्या नावाने वापरला जातो. तळ आक्रसत आक्रसत एका बिंदूएवढा झाला, तर त्या निमुळत्या खड्ड्याचे घनफळ सरळ खड्ड्याच्या एकतृतीयांश असते: १२ हात चौरस व ९ हात खोल सरळ खड्डा १,२९६ घनहस्तांचा, तर निमुळता ४३२ घनहस्तांचा. हा तिसरा हिस्सा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे पृथ्वी मोजताना तो लागणार आहे.

खड्डा झाला की पाया आणि पायावर भिंत. चितिव्यवहारातील वीट १८ अंगुळे लांब, १२ अंगुळे रुंद आणि ३ अंगुळे जाड आहे. रचलेला ढीग ८ हात लांब, ५ हात रुंद आणि ३ हात उंच. किती विटा लागतील आणि किती थर होतील? विटेची मापे हातांत बदलली तर पाऊण, अर्धा आणि अष्टमांश. गुणाकार ३/६४ घनहस्त. ढिगाचे घनफळ १२० घनहस्त. १२० ला ३/६४ ने भागले की २,५६० विटा. उंचीला विटेच्या जाडीने भागले की २४ थर. उत्तर चोख आहे. गवंडी मात्र येथे मिश्कीलपणे हसेल. कारण २,५६० ला २४ ने भागले तर प्रत्येक थरात १०६ विटा आणि वर दोनतृतीयांश वीट येते. म्हणजे थराथराला वीट फोडणे आलेच. चुन्याच्या सांध्यांचा विचारही आचार्यांनी येथे केलेला नाही. पोथीतील वीट आणि हातातील वीट यांत एवढे अंतर राहावयाचेच.

पण याच ढिगात एक गंमत दडलेली आहे, ती मुलांना अवश्य दाखवावी. ढिगाला सहा पृष्ठे. लांबी-रुंदीची दोन, प्रत्येकी ४० चौरस हात. लांबी-उंचीची दोन, प्रत्येकी २४. रुंदी-उंचीची दोन, प्रत्येकी १५. एकूण पृष्ठफळ १५८ चौरस हात. आता एका विटेचे पृष्ठफळ याच रीतीने काढले तर ते ६१२ चौरस अंगुळे भरते, आणि एका चौरस हातात ५७६ चौरस अंगुळे असतात. सर्व २,५६० विटा सुट्या करून मांडल्या, तर त्यांच्या पृष्ठांची बेरीज बरोबर २,७२० चौरस हात होते. घनफळ तेच, १२० घनहस्त. ढीग रचा वा मोडा, त्यात तिळमात्र फरक नाही. पृष्ठफळ मात्र १५८ वरून २,७२० वर गेले. बाहेरून गिलावा करावयाचा तर १५८ चा, त्यातूनही जमिनीस टेकलेले ४० सोडून. पण प्रत्येक वीट सर्व बाजूंनी रंगवावयाची म्हटले तर सतरा पटींहून अधिक रंग लागेल. पदार्थ किती हे घनफळ सांगते आणि काम किती हे पुष्कळदा पृष्ठफळ सांगते.

ही बेरीज माझी आहे, लीलावतीतील नव्हे. चितीच्या सहा पृष्ठांची एकत्र बेरीज आचार्यांनी मांडलेली नाही. परंतु पृष्ठ आणि घन यांतील हा भेद त्यांना किती स्पष्ट दिसत होता, हे पुढच्याच व्यवहारावरून कळते. क्रकच म्हणजे करवत. ओंडका कापणाऱ्याला कशाचे पैसे द्यावयाचे? लाकडाच्या घनफळाचे नव्हे, कारण लाकूड काही त्याने निर्माण केलेले नसते. त्याने करवत ओढून जेवढे पृष्ठ उघडे केले तेवढ्याचे. उदाहरणातील ओंडका बुडाशी २० अंगुळे, शेंड्याशी १६ अंगुळे जाड आणि १०० अंगुळे लांब आहे. त्यात उभे चार काप घ्यावयाचे आहेत. मध्यम जाडी १८, लांबीने गुणून १,८००, चार कापांचे ७,२००. ५७६ ने भागले की साडेबारा चौरस हात. हे झाले करवतकाम. प्रत्येक कापातून पृष्ठे दोन निघतात, पण करवत एकदाच फिरते, म्हणून मोजावयाचे एकदाच. हा बारकावा त्यात आपोआप सांभाळला गेला आहे. दुसरे उदाहरण आडव्या कापांचे: ३२ अंगुळे रुंद व १६ अंगुळे जाड लाकडाचे नऊ काप, म्हणजे आठ चौरस हात.

लाकूड विकत घ्यावयाचे झाले की मात्र घनफळाकडे परतावे लागते, आणि तेही उदाहरण लीलावतीत आहे. १२ अंगुळे जाड, १६ अंगुळे रुंद व १४ हात लांब अशा ३० फळ्यांना १०० निष्क पडतात. तर प्रत्येक माप चाराने कमी असलेल्या १४ फळ्यांना किती? जाडी ८, रुंदी १२, लांबी १०. पुष्कळजण फळ्यांची संख्या निम्म्याच्या आसपास पाहून चाळीस-पंचेचाळीस निष्क असा अंदाज बांधतील. उत्तर आहे १६ निष्क आणि वर दोनतृतीयांश, म्हणजे अवघा सहावा हिस्सा. तिन्ही मापे थोडीथोडी घटली तरी गुणाकार फार घटतो, हे सामान्य ग्राहकाच्या लक्षात येत नाही आणि चतुर व्यापाऱ्याच्या लक्षात असते. याच फळ्या गाडीतून वाहून नेण्याचे भाडेही आचार्य लगेच काढावयास लावतात: पहिल्या फळ्यांना एक गव्यूती अंतरास आठ द्रम्म पडले, तर दुसऱ्या सहा गव्यूती नेण्यास किती? माल सहापट कमी आणि अंतर सहापट जास्त. भाडे पुन्हा आठच द्रम्म. बाजारात उभे राहून केलेली ही थट्टा आहे.

या सर्वांहून मला अधिक भावते ते क्रकचव्यवहाराच्या शेवटी आलेले विधान. विटांची चिती, दगडांची चिती, खोदकाम आणि करवतकाम यांचे मोल कामगारांशी होणाऱ्या संमतीने ठरते आणि तो पदार्थ मऊ आहे की कठीण आहे यावर ते अवलंबून असते, अशा आशयाचे ते विधान आहे. ‘इष्टिकाचिती’ हा शब्द आला आहे तो येथे. गणिताच्या ग्रंथाने सूत्र देऊन थांबावयास हरकत नव्हती. आचार्य मात्र जाणतात की १९८ घनहस्त काळी माती आणि १९८ घनहस्त खडक यांचे घनफळ एक असले तरी त्यांत गळणारा घाम एक नसतो. शासकीय दरपत्रकांत मऊ माती, कठीण मुरूम आणि खडक यांचे दर निरनिराळे लावलेले असतात, ते याच न्यायाने. आणि संमती हा शब्द तर विशेष लक्षणीय. मोजमाप गणिताने करावे, दर मात्र काम करणाऱ्याला विचारून ठरवावा.

राशिव्यवहारात आचार्य खळ्यावर जातात. जमिनीवर ओतलेल्या धान्याच्या राशीचा परीघ मोजावा, त्याच्या सहाव्या हिश्श्याचा वर्ग करून उंचीने गुणावे. जाड्या धान्याच्या राशीची उंची परिघाच्या दशमांश, बारीक धान्याची अकरावा भाग आणि कुसळे असलेल्या धान्याची नववा भाग धरावी. साठ हात परिघाची जाड्या धान्याची रास ६०० खारी भरते. भिंतीला टेकून ओतलेली, कोपऱ्यात आतून ओतलेली आणि कोपऱ्याला बाहेरून वेढणारी अशाही राशी त्यांनी सोडलेल्या नाहीत.

आता पृथ्वी. गोलाध्यायात आचार्य पृथ्वीचा परीघ ४,९६७ योजने आणि व्यास १,५८१ योजने व वर एक चोविसांश असा धरतात, आणि तिचे पृष्ठफळ ७८,५३,०३४ योजने देतात. रीत सोपी: परीघ गुणिले व्यास. त्यांच्यापूर्वी लल्ल या थोर ज्योतिषाने वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणावे असे सांगितले होते, आणि त्याचे उत्तर खऱ्याच्या कित्येक पट मोठे आले होते. आचार्यांनी ही चूक स्पष्ट शब्दांत दाखविली; थोरांच्या चुकीपुढे मौन पाळणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. आपले उत्तर बरोबर का, हे पटविण्यासाठी त्यांनी आवळ्याच्या अंगावर असतात तशा रेषांनी गोलाचे पृष्ठ ९६ उभ्या पट्ट्यांत विभागले, एकेका पट्टीचे क्षेत्रफळ ज्यांच्या कोष्टकावरून काढले आणि बेरीज केली. मग घनफळासाठी गोलाच्या पृष्ठावर लहान लहान चौकोन कल्पून, प्रत्येक चौकोनापासून मध्यबिंदूपर्यंत जाणारी निमुळती सूची घेतली. सूचीचे घनफळ सरळ खाताच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. म्हणून गोलाचे घनफळ म्हणजे पृष्ठफळ गुणिले व्यास भागिले सहा. खड्ड्याच्या प्रकरणातील तो तिसरा हिस्सा असा थेट भूगोलाच्या गर्भापर्यंत पोहोचला. वीट, खड्डा आणि पृथ्वी यांत आचार्यांना तत्त्वतः भेद दिसला नाही.

शके ११०५ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी ‘करणकुतूहल’ हा पंचांगाच्या गणितास सोयीचा ग्रंथ रचला. त्यांच्या हातची ही शेवटची तिथी. पुढची कथा त्यांच्या वंशजांची आणि भाष्यकारांची आहे, आणि ती आपणां स्थलांतरितांना जिव्हाळ्याची वाटावी अशी आहे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४६७ मध्ये लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहिली, ती आपल्याच भूमीवर. पण पयोष्णीकाठच्या दधिग्रामाहून निघालेले विदर्भातील एक ज्योतिषी घराणे काशीस स्थायिक झाले. त्यातील कृष्ण दैवज्ञ जहांगिराच्या दरबारी मान्यता पावले आणि त्यांनी आचार्यांच्या बीजगणितावर टीका लिहिली. त्यांचे पुतणे मुनीश्वर यांनी लीलावतीवर लिहिली. एकोणिसाव्या शतकात पुण्यास जन्मलेले बापूदेव शास्त्री काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापक झाले, आणि विल्किन्सन साहेबांनी केलेले गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर त्यांनी शोधून १८६१ मध्ये प्रसिद्ध केले. आचार्यांचे ग्रंथ जिवंत ठेवणाऱ्यांत घर सोडून दूर गेलेले असे कितीतरी लोक होते.

वंशजांची हकीगत त्या शिळेवर आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील देवालयातील हा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी विद्वानांच्या नजरेस आणला. १८६५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात त्रिविक्रमापासून घराण्याची परंपरा दिली आहे: त्रिविक्रमाचा पुत्र भास्करभट्ट याला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली, त्याच्या वंशात पुढे मनोरथ, त्याचा महेश्वर आणि महेश्वराचे हे भास्कराचार्य. आचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपाल याने पाटणहून आपल्या दरबारी नेले. लक्ष्मीधरांचे पुत्र चांगदेव सिंघण राजाचे मुख्य ज्योतिषी झाले. आचार्यांचे बंधू श्रीपती यांचे नातू अनंतदेव हेही त्याच राजाच्या पदरी होते. गिरणाकाठच्या बहाळ येथील शके ११४४ चा लेख त्यांचा आहे. चांगदेवांनी आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून पाटणला मठ स्थापिला, आणि निकुंभ वंशातील सोइदेव या मांडलिकाने शके ११२८ मध्ये त्यास दान दिले.

लेखाचा आरंभीचा मोठा भाग संस्कृतात आहे. शेवटी, जेथे प्रत्यक्ष काय द्यावयाचे ते नोंदविले आहे, तेथे भाषा मराठी होते. पाटणच्या पेठेत उघडल्या जाणाऱ्या मालावर ग्राहकाकडून राजाला जे मिळत असे ते मठाला दिले आहे. ग्राहकाकडून पाच सुपाऱ्या द्यावयाच्या आहेत. जेवढे तेलाचे घाणे चालतील तेवढ्यांतून घाण्यामागे एकेक पळी तेल मठाला आहे. आणि या पेठेत जे काही मापावयाचे ते मठाच्या मापाने मापावयाचे. मापणावळीचा अर्धा वाटा मठाचा, अर्धा मापाऱ्याचा.